वीज तोडताना

धरण, त्याखालचं जनित्र, मनोऱ्यांची रांग आणि शेवटी घरातला दिवा, असं वीजपुरवठ्याचं चित्र शाळेच्या पुस्तकात असतं. ही वीज थांबवायची कशी, हे त्या चित्रात कुठेच नसतं. माझं सगळं काम मात्र त्याच प्रश्नाभोवती झालं. रिले आणि ब्रेकर यांची चाचणी घेणारी अभियंता म्हणून मी पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात आणि काही काळ कोकणात उपकेंद्रांमधून हिंडले. साखर कारखान्यांची उपकेंद्रं, औद्योगिक वसाहतींमधली, गावाबाहेरच्या माळावरची ३३ केव्हीची छोटी आणि २२० केव्हीची मोठी, सगळी. आमच्याकडून अपेक्षा एवढीच की वेळ आली की वीज नेमकी हवी तिथे आणि हवी तेव्हा तुटली पाहिजे.

लाईट गेली की माणूस वैतागतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. गिरणी थांबते, पंप थांबतो, मुलांचा अभ्यास थांबतो. पण बहुतेक वेळा बिघाड त्याआधीच दूर कुठेतरी झालेला असतो. तारेवर फांदी पडलेली असते, चिनी मातीचं इन्सुलेटर फुटलेलं असतं, केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलेलं असतं. लाईट जाते तेव्हा त्या बिघडलेल्या भागापासून बाकीची यंत्रणा वेगळी काढली गेलेली असते. मोठ्या लाईनींवर हे वेगळं काढणं सेकंदाच्या दहाव्या भागात उरकावं लागतं. माणसाचा हात तिथे पोचूच शकत नाही, म्हणून रिले, ब्रेकर आणि बॅटरी हे तिघं मिळून ते काम करतात. घरातले दिवे क्षणभर मिचकावून पुन्हा लागतात तेव्हासुद्धा अनेकदा कुठल्यातरी लाईनचा ब्रेकर उघडून पुन्हा मिटलेला असतो. उघड्या तारांवरचे बहुतेक बिघाड क्षणिक असतात. पक्षी, वाऱ्याने टेकलेली फांदी, पतंगाचा ओला मांजा. वीज क्षणभर काढून घेतली की तिथली ठिणगी विझते आणि लाईन पुन्हा भरता येते.

घरातलं बटण सहज दाबता येतं, त्यामुळे वीज तोडणं सोपं आहे असं आपण धरून चालतो. बटणाच्या आतही ठिणगी उडते. अंधारात ते हळू दाबलं तर दिसते. २२० केव्हीवर तीच ठिणगी माणसाच्या उंचीहून मोठी होते. धातूचे संपर्क एकमेकांपासून दूर गेले तरी प्रवाह थांबत नाही, कारण मधली हवाच वाहक झालेली असते. त्या ज्वाळेचं, म्हणजे आर्कचं, तापमान हजारो अंशांचं. लाईनवर नेहमी काहीशे अँपिअर वाहत असतात. शॉर्ट सर्किट झालं की तोच आकडा दहा-वीस हजारांवर जातो, आणि ब्रेकरला उघडायचं असतं ते नेमकं तेव्हाच. २२० केव्हीच्या ब्रेकरच्या नेमप्लेटवर ४० किलोअँपिअर असं कोरलेलं असतं ते त्यासाठी.

मला या विषयाची गोडी लागली ती एका गोष्टीमुळे. पाटाचं दार वाहत्या पाण्यात खाली रेटून बंद करता येतं, तसा जोर लावून ब्रेकर प्रवाह तोडत नाही. तो वाट बघतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं. प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शून्यावर येतो, सेकंदाला १०० वेळा. त्या शून्यापाशी आर्क आपोआप विझतो. खरी परीक्षा त्यानंतरच्या काही मायक्रोसेकंदांत असते. एकीकडे संपर्कांमधलं व्होल्टेज झपाट्याने चढत असतं, दुसरीकडे तापलेल्या फटीत पुन्हा इन्सुलेशनची ताकद यायची असते. ताकद आधी आली तर प्रवाह तुटला. व्होल्टेज पुढे गेलं तर आर्क पुन्हा पेटतो आणि पुढच्या शून्याची वाट बघावी लागते. एसएफ-६ वायूचा झोत त्या फटीतून सोडतात तो ही शर्यत जिंकण्यासाठी. ११ आणि ३३ केव्हीच्या व्हॅक्यूम ब्रेकरमध्ये तर फटीत काही शिल्लकच ठेवलेलं नसतं. सेंटिमीटरभर अंतर पुरतं.

चंद्रपूरहून पडघ्याला येणारी ५०० केव्हीची डीसी लाईन पहिल्यांदा अभ्यासली तेव्हा या शून्याची किंमत मला नीट कळली. ७५२ किलोमीटर लांब, १,५०० मेगावॉट वाहणारी ही लाईन. एकदिश प्रवाहाला शून्यच नाही! त्यामुळे नेहमीचा ब्रेकर तिथे कुचकामी. बिघाड झाला की दोन्ही टोकांच्या थायरिस्टरना मिळणारे इशारे बदलून प्रवाह खाली आणावा लागतो. ज्या एसी विजेचं चढणं-उतरणं मी कॉलेजात साइन वेव्ह म्हणून पाठ केलं होतं, त्या चढउतारामुळेच ती तोडता येते, हे लक्षात आल्यापासून त्या लहरीच्या चित्राकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले.

मी शिकले ते जुन्या तेलाच्या ब्रेकरवर. ३३ केव्हीचे मिनिमम ऑइल ब्रेकर तेव्हा गावोगाव होते. आर्क तेलात पेटायचा, तेलाचं विघटन होऊन हायड्रोजन निघायचा आणि तोच आर्कला विझवायचा. चार-सहा मोठे बिघाड तोडले की तेल काळंभोर व्हायचं. ते काढून मी काचेच्या बाटलीत धरलं की तळाशी कार्बनचा गाळ बसताना दिसायचा. संपर्काच्या टोकावर बोट फिरवलं तर वितळून पुन्हा थिजलेल्या तांब्याचे दाणे लागायचे, आणि किती बिघाड येऊन गेले असतील याचा अंदाज लॉगबुक उघडण्याआधीच यायचा. एसएफ-६ च्या ब्रेकरमध्ये हे काही दिसत नाही. बाहेरून फक्त वायूच्या दाबाचा काटा वाचायचा आणि ठरावीक काळाने टायमिंग आणि संपर्क-रोध मोजायचा. ब्रेकर म्हणून तो फार चांगला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण या वायूची तापमानवाढीची क्षमता कार्बन डाय-ऑक्साइडच्या २३ हजारांहून जास्त पट आहे. दाब कमी झाला की नुसता नवा वायू भरून मोकळं होणारे पुष्कळ. गळती शोधून बंद करणं हे चाचणीइतकंच महत्त्वाचं काम आहे आणि त्याला वेळ दिलाच पाहिजे, असं मी प्रत्येक अहवालात लिहीत आले.

ब्रेकर उघडतो, पण कधी उघडायचं हे त्याला कळत नाही. ते रिलेला कळतं. आता नियंत्रण कक्षातले रिले संगणकासारखे, छोट्या पडद्याचे. मी हाताळलेले पहिले रिले काचेच्या झाकणाचे होते आणि आत ॲल्युमिनियमची चकती. जुन्या वीजमीटरमध्ये फिरायची तशीच. चाचणीच्या पेटीतून प्रवाह सोडायचा आणि चकतीकडे बघत बसायचं. ठरवलेल्या मर्यादेच्या खाली ती हलत नाही. मर्यादा ओलांडली की आधी थरथरते, मग सावकाश निघते. प्रवाह दुप्पट केला की वेग घेते, दहापट केला की झपकन फिरून संपर्काला जाऊन भिडते. खट्ट आवाज होतो आणि लाल फ्लॅग पडतो. प्रवाह जेवढा मोठा तेवढा वेळ कमी, ही कल्पना त्या चकतीत डोळ्यांनी दिसायची. चकतीच्या बेअरिंगमध्ये धूळ किंवा गंज असला तर वेळ लांबायचा, आणि ते कुठल्याही कागदावर उमटायचं नाही. म्हणून ब्लोअरने धूळ उडवणं, चुंबकाच्या फटीतला लोखंडाचा कण चिकटपट्टीने उचलणं, ही कामं मी कधी मदतनिसावर सोडली नाहीत.

या वेळांची उतरंड लावणं हा आमच्या कामाचा बुद्धीचा भाग. गावाच्या ११ केव्ही फीडरवर बिघाड झाला तर तोच फीडर सुटला पाहिजे. त्याच्या वरचा ट्रान्सफॉर्मरचा ब्रेकर साधारण ०.३ सेकंद थांबून बघतो. खालच्याने काम केलं तर ठीक, नाही केलं तर तो सुटतो आणि आठ-दहा गावं अंधारात जातात. त्याच्याही वर ३३ केव्हीची लाईन, ती आणखी थांबते. जेवढं वर जावं तेवढा वेळ जास्त, आणि नेमकं वरच बिघाडाचा प्रवाह मोठा, म्हणजे तिथे वेळ कमी हवा. या ओढाताणीतून मार्ग काढत आलेख एकावर एक बसवायचे. त्यात कुणी परस्पर हात घातला की सगळं विस्कटतं. एखादा फीडर वारंवार ट्रिप होतो, वरून फोन येतात, लोक उपकेंद्रावर येऊन बसतात, आणि मग कुणीतरी रिलेची मर्यादा वाढवून ठेवतं. ट्रिपिंग थांबतं, सगळे खूश. बिघाड मात्र तिथेच असतो. अशी वाढवलेली सेटिंग मला अनेक ठिकाणी सापडली. ज्याने वाढवली त्याच्यावर काय दबाव होता हे मला कळायचं, आणि तरी ती मी प्रत्येक वेळी मूळ जागी आणली.

नको तिथे तोडणं काय करतं, हे २०१२ साली देशाने पाहिलं. ३० जुलैला पहाटे अडीचच्या सुमारास मध्य प्रदेशातल्या बीना आणि ग्वाल्हेर यांमधली ४०० केव्हीची लाईन सुटली आणि सगळं उत्तर ग्रिड कोसळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच लाईन पुन्हा सुटली आणि उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तीन ग्रिड गेली. पश्चिम ग्रिड वेगळं होऊन उभं राहिलं म्हणून महाराष्ट्रात दिवे चालू होते. त्या लाईनवर शॉर्ट सर्किट झालेलंच नव्हतं. डिस्टन्स रिले व्होल्टेजला प्रवाहाने भागून बिघाड किती लांब आहे ते काढतो. २२० केव्हीच्या आपल्या लाईनींना दर किलोमीटरला साधारण ०.४ ओहम धरतात. लाईनचा पहिला ८० टक्के भाग पहिल्या झोनमध्ये, तिथे तत्काळ ट्रिप. लाईन ओलांडून पुढच्या बसबारच्या थोडं पलीकडेपर्यंत दुसरा झोन, तो थोडा थांबून. त्याहून लांबचं बघणारा तिसरा झोन, खूप थांबून. शेजारच्या काही लाईनी बंद होत्या, पश्चिमेकडून उत्तरेकडे प्रचंड भार वाहत होता आणि व्होल्टेज खाली गेलेलं होतं. कमी व्होल्टेज भागिले मोठा प्रवाह, हे गणित तिसऱ्या झोनला दूरच्या बिघाडासारखं दिसलं. रिलेने दिलेल्या सूचनेप्रमाणे काम केलं; सूचना त्या परिस्थितीला पुरणारी नव्हती. त्यानंतर देशभर तिसऱ्या झोनच्या सेटिंग पुन्हा तपासल्या गेल्या. आम्हीही प्रत्येक लाईनचा जास्तीत जास्त भार मांडून रिलेचा आलेख त्यापासून किती दूर आहे ते पाहिलं. ते काम कंटाळवाणं होतं आणि मी ते आनंदाने केलं.

आता बॅटरीबद्दल, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होतं. रिलेने आज्ञा दिली तरी ब्रेकरची ट्रिप कॉइल खेचायला वीज लागते. बिघाडाच्या क्षणी एसी व्होल्टेज कोसळलेलं असतं, म्हणून ही वीज वेगळी साठवलेली हवी. ११० व्होल्टची डीसी बॅटरी, दोन-दोन व्होल्टचे ५५ सेल एका खोलीत लाकडी मांडणीवर ओळीने. खोलीत आम्लाचा वास, भिंतीवर आम्लरोधक रंग, वर एक्झॉस्ट पंखा. प्रत्येक सेलमध्ये हायड्रोमीटर बुडवायचा, रबरी फुगा सोडून द्रव वर ओढायचा, तरंगणाऱ्या काचेच्या नळीवर आकडा वाचायचा. पूर्ण भरलेल्या सेलचा १.२०० च्या आसपास. सगळे ५५ कधीच सारखे येत नाहीत. एखादा १.१९५, एखादा १.२०५, कडेचा थोडा गरम. सेल जिवंत असतात तेव्हा त्यांच्यात फरक असतोच.

एका कारखान्याच्या उपकेंद्राला आग लागल्यावर तपासासाठी आम्हाला बोलावलं गेलं. ३३ केव्हीच्या बाजूला केबलच्या टोकाशी शॉर्ट सर्किट झालं होतं. ती रोजची गोष्ट. फीडरचा ब्रेकर सुटायला हवा होता. सुटला नाही. त्याच्या वरचाही नाही, ट्रान्सफॉर्मरच्या १३२ केव्ही बाजूचाही नाही. ट्रान्सफॉर्मर त्या बिघाडाला वीज पाजत राहिला. पलीकडच्या उपकेंद्रातला डिस्टन्स रिले लाईनकडे बघत होता, पण मध्ये ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा मोठा अवरोध असल्यामुळे त्याला हा बिघाड फार लांबचा, त्याच्या हद्दीबाहेरचा वाटला. शेवटी गुंडाळ्या तापून विरूप झाल्या, बुशिंग फुटलं, तेल पेटलं, बिघाड १३२ केव्हीच्या बाजूला आला, आणि मग कुठे पलीकडच्या टोकाला लाईन सुटली. आम्ही गेलो तेव्हा रेडिएटर मेणासारखे वाकले होते.

रिले मी एकेक तपासले. सगळे ठणठणीत. ब्रेकर हाताने सुटत होते. बॅटरीच्या खोलीत गेले आणि सेलवर मीटर लावला. चार्जर बरेच दिवसांपासून बंद होता, त्याचा फ्यूज गेलेला. नियंत्रण कक्षातले दिवे आणि इंडिकेशन बॅटरीवर चालत राहून ती निचरून गेली होती. डीसी फेलचा हूटर वाजायला हवा होता. त्याची तार कधीतरी सोडून ठेवलेली. टेबलावर बॅटरीचं लॉगशीट होतं. आदल्या आठवड्यांच्या सगळ्या रकान्यांत, सगळ्या ५५ सेलसमोर, एकच आकडा. १.२००. एकाच पेनाने, एका ओळीत, सुवाच्य अक्षरात. जीवितहानी झाली नाही, यार्डात त्या वेळी कुणी नव्हतं म्हणून. ते लॉगशीट मी तपासाच्या अहवालाला पहिलं परिशिष्ट म्हणून जोडलं. तेव्हापासून कुठल्याही उपकेंद्रात गेले की मी आधी बॅटरीच्या खोलीत जाते, चहा नंतर. चार्जर बंद करून बॅटरीवर भार टाकते आणि व्होल्टेज टिकतं का ते बघते. ट्रिप कॉइलच्या सर्किटवर देखरेख करणारा रिले आहे का, हूटर खरंच वाजतो का, हे स्वतः करून बघते. ऑपरेटर मंडळींना सुरुवातीला हा अविश्वास वाटतो. मी त्यांना आगीची हकीकत सांगते, मग ते स्वतः हायड्रोमीटर हातात घेतात.

इथपर्यंतचं सगळं यंत्रांच्या हाती आहे. बॅटरी भरलेली, रिले नीट, ब्रेकर नीट, तर बिघाड तुटतो. पण असा एक बिघाड आहे जो रिलेला दिसतच नाही, आणि माणसं त्याच्यातच जास्त जातात.

उन्हाळ्याची दुपार होती. एका ३३/११ केव्हीच्या उपकेंद्रात आमची चाचणी चालू होती. जवळच्या गावातल्या लाईनमनचा ऑपरेटरला फोन आला. त्यांना सगळे तात्या म्हणायचे. निवृत्तीला आलेला माणूस. "तार तुटून रानात पडलीया, फीडर सुटलाय न्हवं?" ऑपरेटरने पॅनेलकडे पाहिलं. फीडर चालू. अँपिअर मीटरचा काटा किंचित खाली आला होता, इतकंच. मी हाताने फीडर उघडायला लावला आणि आम्ही जीप घेऊन गेलो. ऊस तुटलेलं रान, वर पाचट पसरलेलं, खाली कोरडी भेगाळलेली माती. तारेच्या टोकाशी पाचट जळून काळं झालं होतं आणि मातीत बोटभर काचेसारखी वितळलेली खळगी. तात्यांनी येणारी-जाणारी माणसं आणि गुरं लांब थोपवून धरली होती. पण त्याआधीच एक म्हैस गेली होती. घरातली बाई बांधावर बसून होती, एक शब्द बोलत नव्हती.

हिशेब साधा आहे आणि तोच त्यातला घात. ११ केव्हीच्या तारेपासून जमिनीपर्यंत ६,३५० व्होल्ट. कोरड्या मातीचा अवरोध हजार ओहम धरला तर जमिनीत जातात सहा अँपिअर. त्या फीडरच्या रिलेची अर्थ फॉल्टची मर्यादा ४० अँपिअर होती. म्हणजे रिलेच्या लेखी काही घडलंच नव्हतं. माणसाचं हृदय थांबायला अँपिअरचा दहावा भागही पुरतो. तार पडलेल्या जागेपासून जसजसं दूर जावं तसतसं जमिनीवरचं व्होल्टेज उतरत जातं, त्यामुळे दोन पावलांमध्येही फरक असतो. जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत माणसाच्या पावलापेक्षा जास्त अंतर, आणि हृदय मधल्या वाटेवर. म्हणून गुरं आधी मरतात. उपकेंद्राच्या यार्डात आपण खडी पसरतो ती याचसाठी. खडीचा अवरोध मोठा असल्याने पायातून जाणारा प्रवाह आवरला जातो. शेतात खडी नसते.

मर्यादा खाली का आणत नाही, असं तात्यांनी मला तिथेच विचारलं. प्रश्न रास्त होता. उत्तर असं की शेतीपंपांच्या फीडरवर तिन्ही फेजचा भार कधीच सारखा नसतो. दोन फेजवर कपॅसिटर लावून मोटर चालवणारे, कुठे एकच फेज ओढणारे. त्यातून येणाऱ्या असमतोलाला बिघाड समजून फीडर दिवसभर सुटत राहील, आणि मग कुणीतरी मर्यादा पुन्हा वर नेईल, पहिल्यापेक्षाही वर. तरी त्या फीडरवर आम्ही मार्ग काढला. नव्या न्युमेरिकल रिलेमध्ये तुटलेली तार ओळखण्याची एक सोय असते: असमतोल प्रवाहाचं एकूण प्रवाहाशी प्रमाण बघायचं आणि ते काही सेकंद टिकलं तर अलार्म द्यायचा. त्या फीडरचा महिनाभराचा भार नोंदवून आम्ही ते प्रमाण ठरवलं. ट्रिप न करता अलार्म ठेवला, आणि अलार्म आला की ऑपरेटरने लाईनमनला फोन करायचा असं लिहून घेतलं. याने प्रत्येक तुटलेली तार सापडते असा माझा दावा नाही. लोंबणाऱ्या तारा ताणणं, रस्त्यावरून जाणाऱ्या तारांखाली गार्डिंग बांधणं, जुने जंपर बदलणं, यांची जागा कुठलाही रिले घेऊ शकत नाही. हंगामाआधी या कामांवर खर्च झाला पाहिजे, हे मी अभियंत्यांच्या बैठकांतून कळवळून सांगत आले आहे.

तात्यांसारख्या माणसांचा विश्वास यंत्रावर किती असावा, याचं उत्तर आमच्या पद्धतीत आहे. ब्रेकर उघडला एवढ्यावर कुणी लाईनला हात लावत नाही. ब्रेकरच्या आतली फट दिसत नाही. म्हणून त्याच्या मागे आयसोलेटर. भार असताना तो उघडायचा नाही, पण उघडला की हवेतलं अंतर डोळ्यांना दिसतं. मग परमिट, मग टेस्टरने तपासणं, आणि मग तिन्ही तारा एकत्र बांधून जमिनीला जोडणं. शेवटची पायरी वगळणारे पुष्कळ असतात. घराघरांत इन्व्हर्टर आणि दुकानांत जनरेटर आल्यापासून ती पायरी आणखी गरजेची झाली, कारण चुकीच्या जोडणीतून वीज खालून वर येते आणि घरचे २३० व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमधून उलट जाऊन तारेवर ११ हजार होतात.

हल्ली मला काळजी आहे ती याच उलट्या विजेची, वरच्या पातळीवरची. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावोगावच्या ३३/११ केव्ही उपकेंद्रांना सौर प्रकल्प जोडले जात आहेत. रात्री बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीत पाणी धरायला जाणारी माणसं मी पाहिली आहेत. ही योजना मला मनापासून हवी आहे. पण आमची सगळी संरक्षण योजना वीज वरून खाली वाहते असं धरून रचलेली होती. सौर इन्व्हर्टर बिघाडाच्या वेळी आपल्या नेहमीच्या प्रवाहापेक्षा फारसा जास्त देत नाही, आणि आमचे रिले तर मोठा प्रवाह बघूनच बिघाड ओळखतात.

त्यातली एक परिस्थिती खास धोक्याची. ३३ केव्हीच्या लाईनची एक तार जमिनीला लागते, पलीकडच्या मोठ्या उपकेंद्रातला ब्रेकर सुटतो, आणि तिकडे सगळ्यांना वाटतं की लाईन बंद झाली. इकडे सौर प्रकल्प ११ केव्हीच्या बसबारला वीज देतोच आहे आणि ती ट्रान्सफॉर्मरमधून ३३ केव्हीवर चढते आहे. आपल्या या ट्रान्सफॉर्मरची ३३ केव्हीची बाजू डेल्टा, तिला जमिनीशी जोडलेला न्यूट्रल नसतो. त्यामुळे जमिनीत म्हणण्यासारखा प्रवाहच जात नाही आणि अर्थ फॉल्ट रिले गप्प राहतो. उरलेल्या दोन तारांचं जमिनीशी व्होल्टेज मात्र १९ केव्हीवरून ३३ पर्यंत चढतं. इन्व्हर्टरने पुरवठा गेल्याचं ओळखून दोन सेकंदांत थांबायला हवं, आणि बहुतेक वेळा तो थांबतो. प्रकल्पाची वीज आणि त्या भागातली मागणी जुळून आली तर त्याला ओळखायला अवघड जातं, आणि दुपारी पंप चालू असताना ती जुळू शकते.

यावर उपाय जुनाच आहे. ३३ केव्हीच्या बाजूला तीन फेजवर पीटी, म्हणजे व्होल्टेज मोजण्यासाठीचे छोटे ट्रान्सफॉर्मर, बसवायच्या, त्यांच्या दुय्यम गुंडाळ्या ओपन डेल्टात जोडायच्या आणि त्या टोकांवर व्होल्टेजचा रिले लावायचा. तिन्ही फेज नीट असतील तर तिथे जवळजवळ शून्य; एक जमिनीला लागली की व्होल्टेज उभं राहतं, मग प्रवाह असो वा नसो. हा रिले ट्रान्सफॉर्मरचा ३३ केव्ही ब्रेकर उघडेल आणि सौर प्रकल्प लाईनपासून सुटेल. उपकेंद्राच्या एकूण खर्चात या साहित्याची किंमत फार नाही. नव्या जोडण्यांची ड्रॉइंग माझ्याकडे तपासायला येतात तेव्हा मी सगळ्यात आधी ३३ केव्हीच्या पीटी शोधते. नसतील तर लाल पेनाने काढते, शेजारी रिलेचा क्रमांक ५९एन लिहिते, आणि ड्रॉइंग सही न करता परत पाठवते.